बाबांच्या नावाचं पिंप

प्रिय योगिनी,

'दारूच्या पिंपावर बाबांचं नाव? शोभतं का तुला?' असं म्हणून मी फोन कट केला, त्याला आज अठरा दिवस झाले. फोनवर मला फक्त भांडता येतं, म्हणून हे पत्र. अक्षर बघून हसशील, तर हस.

इथे सगळे बरे आहेत. तुझ्या लाडक्या भावाची, बंटीची, चाकणच्या कारखान्यातली शिफ्ट बदलली. शेजारच्या सुमनताई परवा पुन्हा विचारत होत्या, लेकीच्या सासरी काय असतं? मी म्हटलं, द्राक्षांचे मळे आहेत. खोटं नाही ना? त्या द्राक्षांची ब्रँडी होते, सहा पिढ्या फ्रान्समध्ये तेच करतात, हे मात्र गिळून टाकलं. दारूनं ज्या घरातला माणूस नेला, त्याच घरच्या लेकीनं दारूवाल्यांची सून व्हावं, याचा राग मला अजून आहे.

तुझ्या बाबांचा हात काय सुरेख चालायचा गं. कंपनीतल्या भंगार पत्र्याची त्यांनी तुला कंपासपेटी करून दिली होती. पुढे तोच हात थरथरायला लागला, तेव्हा मशीनवरून काढून त्यांना स्टोअरला बसवलं. तुझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली, ती आठ दिवस टिकली. त्यानंतर मी त्यांच्याशी धड बोललेच नाही, अगदी दवाखान्यातही नाही.

तुझा व्हिडिओ बंटीनं काल दाखवला. तुझे सासरे तळघरात एका जुन्या पिंपाशी उभे होते, त्यावर खडूनं तुझ्या सासूबाईंच्या वडिलांचं नाव. बंटीनं समजावलं, सून आली की तिच्या वडिलांच्या नावानं एक पिंप भरतात. ज्याचं नाव, त्यानं त्यातला थेंबही चाखायचा नाही, ते नातवंडांनी उघडायचं. तोवर दरवर्षी थोडी ब्रँडी हवेत उडून जाते, पण तिथे कुणी त्याचं वाईट वाटून घेत नाही. आपल्या घरातूनही असंच थोडं थोडं उडून गेलं, मला मात्र फार वाईट वाटत राहिलं. पदर तोंडाला लावून मी खूप रडले.

पत्र पोचेपर्यंत तुमचं पिंप भरून व्हायला नको, म्हणून बंटी आधी याचा फोटो पाठवेल. तुझ्या बाबांचं नाव मी आजवर कधी घेतलं नाही, आज लिहिते: जयसिंग. तुमच्या पिंपावर हेच लिही, मराठीत, ठसठशीत. समोर आलेली एकही बाटली त्यांनी सोडली नाही. एक तरी पिंप असं असू दे, ज्यावर त्यांचं नाव आहे आणि ज्याला त्यांनी हात लावला नाही.

तुझीच,
अजून थोडी रागावलेली आई