जोडीनेच झाकायच्या ओळी

४ डिसेंबर

ग्वाल्हेरला पोचलो. स्टेशनबाहेर धुकं असं की ई-रिक्षावाला मला शोधतोय, मी त्याला शोधतोय, आणि दोघं हातभर अंतरावर उभे. सूर्याजीमामांनी लष्कर भागातल्या घरात माडीवरची खोली दिली आहे. खिडकी उघडली की खाली समोशांचा वास. मस्त.

जेवताना मामींनी विचारलंच, शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडून कोणी येतं का रे. मी सांगितलं, भोपाळच्या सरांनी भर वर्गात वडिलांवरून बोलून दाखवलं, मी खुर्ची उचलली, पुढचं कॉलेजनंच ठरवलं. मामा म्हणाले, बळवंत नाव आपणच ठेवलं, आता भोगा.

त्यांना अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं म्हणजे अंतरा. माझ्या एक वर्ष पुढे होती, डिग्री घेऊन जूनमध्ये इथे घरी परत आली. मागच्या आठवड्यात फोनवर सहज म्हणाली की तिच्या ऑफिसला वेबसाइट सांभाळणारं कोणीतरी हवंय. असं सहज कोणी सांगतं का? उद्यापासून सिटी सेंटरमधलं तिचं ऑफिस.

५ डिसेंबर

ऑफिस म्हणजे मंगलयोग वधूवर मंडळ. खाली दातांचा डॉक्टर, वर कोचिंग क्लास, मध्ये आम्ही. मालकीण मंदाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या. इथल्या यच्चयावत मराठी घरांचं त्यांना ठाऊक. कोणाचे पूर्वज फौजेबरोबर आले, कोणाचे दरबारात पूजा सांगायला, कोणाचं गोत्र काय आणि कोणाची सासू कशी. अंतरा फोन घेते, फोटो नीट करते.

सगळी वेबसाइट एका लांबलचक फाइलवर चालते. एका माणसाची एक ओळ. नाव, शिक्षण, गोत्र, फोटो. लग्न ठरलं की ती ओळ पुसायची नाही, कारण साखरपुडे मोडतातही. ओळीच्या आधी दोन तिरक्या रेघा टाकायच्या, म्हणजे दोन स्लॅश. मग ओळ फाइलमध्ये राहते, राखाडी होते, आणि वेबसाइट तिच्याकडे बघतच नाही. साखरपुडा मोडला तर रेघा काढल्या की चेहरा परत.

त्यासाठी एडिटरमध्ये शॉर्टकट असतो, कंट्रोल आणि स्लॅश. एकदा दाबलं की झाकलं, परत दाबलं की उघडलं. इथे तो कित्येक महिने बंद होता, अंतरा बिचारी हाताने रेघा टाकत बसायची. मी बघितलं तर कीबोर्ड मराठीवर होता. मराठीत त्या बटणावर य बसतो, स्लॅश येणार कुठून? इंग्रजी केलं, दाबलं, चाललं. मंदाताईंनी गजकचा, इथल्या तिळाच्या वडीचा, मोठा तुकडा दिला. अंतरा म्हणाली, इंजिनियर आला बाई, आधा-अधुरा का होईना. तिच्या तोंडून अधुरासुद्धा गोड वाटलं.

मंदाताईंचा एकच नियम. झाकायचं ते जोडीनं. मुलाची ओळ, खाली मुलीची, दोन्ही निवडायच्या आणि एकदाच दाबायचं. एकट्याला कधीच नाही. मी विचारलं का, तर म्हणाल्या, नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जातेच ना? एकाला हळद लावून दुसऱ्याला कोरडं ठेवत नाहीत. तू उगाच डोकं लावू नकोस. पूर्वी, कंप्यूटर नसताना, ताई रजिस्टरात दोन्ही नावांवर पिवळ्या पेन्सिलची एकच रेघ ओढायच्या, म्हणे.

९ डिसेंबर

फाइलमध्ये अंतराची ओळ आहे. वडिलांनी टाकायला लावली. आवड: जुनी गाणी, सायकल. खोटं. सायकल तिला येतसुद्धा नाही, भोपाळला तलावाकाठी मी धरून शिकवायला गेलो तर मलाच पाडलं होतं.

आज एक विहंग नावाचा आला. बाड्यावरच्या, म्हणजे इथल्या मोठ्या चौकातल्या, एका बँकेत आहे. इस्त्रीचा शर्ट, त्यावर इस्त्री केलेलं हसू. खिडकीजवळची खुर्ची ओढून बसला, जशी त्याच्या बापाची. गजक मोडून मोठा तुकडा अंतराला दिला, मला उरलेला चुरा. वर विचारतो, छोटे, कंप्यूटर ठीक चल रहा है? मंदाताई समोर बसल्या होत्या, आईच्या वयाच्या, म्हणून सोडला.

अंतराने गजक खाताना तीळ बोटाने टिपून खाल्ले. माझ्यासमोर ती असं कधी खात नाही.

१६ डिसेंबर

पत्रिका जुळली. त्यांची. दोघांना घरच्यांनी फूलबागेत फिरून या म्हणून पाठवलं होतं. अंतरा परत आली तेव्हा नाक थंडीने लाल, आणि हसत होती. मंदाताई मला म्हणाल्या, संक्रांत झाली की नक्की करू, दोघांच्या ओळी खाली-वर आणून ठेव.

मी तिला जिन्यात गाठलं. विचारलं, माझं काय? ती एक पायरी खाली उतरली. मग म्हणाली, बळू, तुला भोपाळलाच सांगितलं होतं. तू प्रेम करत नाहीस रे, पहारा करतोस. नोकरीचं सांगितलं ते तुला नोकरी हवी होती म्हणून.

दुपारी दोघी जेवायला गेल्या. मी विहंगच्या ओळीवर गेलो आणि दाबलं. एकटा तोच. दोन रेघा आल्या, ओळ राखाडी. वेबसाइटवर त्याचा चेहरा होता तिथे आता पुढचा कोणी टकल्या सरकला होता. फार बरं वाटलं. खरं सांगतो, महिन्याभरात एवढी भूक लागली नव्हती.

१७ डिसेंबर

मंदाताईंनी बघायच्या आत उघडून टाकू म्हणून सकाळी लवकर गेलो. दाबलं. काही नाही. कीबोर्ड इंग्रजीवरच आहे. एडिटर बंद करून उघडला. कंप्यूटर बंद करून उघडला. अंतराच्या टेबलावरचा कीबोर्ड लावला. एडिटरला बाहेरून जोडलेल्या सगळ्या सोयी एकेक करून बंद केल्या, त्यातली एखादी हेच बटण पळवत असते. तसंही नाही. कुठलं बटण कुठे पोचलं हे दाखवणारी खिडकी उघडली. तिथे लिहिलेलं: बटण मिळालं, काम झालं.

काम झालेलं नाही. ओळ राखाडीच.

हाताने दोन्ही रेघा खोडल्या, फाइल साठवली. परत उघडली तर रेघा जागेवर.

२० डिसेंबर

विहंग तीन-चार दिवस आला नाही. मला काय, न येवो. पण मंदाताई त्याचं नावही काढत नाहीत. मीच विचारलं, संक्रांतीनंतरचं ठरलं ना? म्हणाल्या, कोणाचं रे?

दुपारी बाड्यावर गेलो. बँकेत त्याच्या खिडकीत एक बाई. म्हणाली, मी पहिल्यापासून इथेच बसते. या नावाचं कोणी नाही, भैया. बाहेर त्याची स्कूटर उभी होती. सीटवर धूळ, त्यावर कोणीतरी बोटाने चेहरा काढलेला.

२२ डिसेंबर

एका बाईंचा रोज फोन येतो. अंतराने आज फोन माझ्या हातात दिला, तिचा चेहरा उतरला होता. बाई म्हणाल्या, नमस्कार, माझ्या एका, माझ्या इथल्या एका... मग थांबल्या. म्हणाल्या, माफ करा हं, कशासाठी लावला होता तेच विसरले. घरात दोन ताटं वाढते आहे रोज. दुसरं कोणाचं, विचारू तरी कोणाला?

विहंगची आई. मला कळलं. मी फोन ठेवला.

अंतराने विचारलं, बळू, विहंगला फक्त आपणच दोघं ओळखतो का रे आता? तुला काही माहीत आहे? मी म्हटलं, मला काय माहीत असणार, पळाला असेल. असे बँकवाले पळतातच.

२६ डिसेंबर

अंतराच्या ओळीआधी एक रेघ आली आहे. एकच. मी टाकलेली नाही. अक्षरं काळी नाहीत, राखाडी नाहीत, मधलीच.

मंदाताईंनी चहा मागवला तो दोनच कप. अंतरा म्हणाली, आणि माझा? त्यांनी ऐकलं नाही. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यांनी मान वाकडी करून तिच्या पलीकडचं घड्याळ बघितलं.

माझा कप मी तिला दिला. तिने दोन्ही हातांनी धरला. बोटांना पिवळट काहीतरी लागलं होतं. धुतलं तरी जात नाही, म्हणाली. हळदीचा वास.

मला भीती वाटली. पण आता हे कोण वाचणार आहे, म्हणून लिहितो. भीतीच्या खाली मला बरंही वाटलं. तिला बघणारा मी एकटा उरलो.

३० डिसेंबर

ती कालपासून रिकाम्या खुर्चीशी बोलते आहे. खिडकीजवळच्या. हळू आवाजात, हसून. मला काही दिसत नाही. मी मध्ये जाऊन खुर्चीवर बसलो. ती म्हणाली, ऊठ, तो बसलाय. मी उठलो नाही. बसल्या जागी पाठ गार पडत गेली, ओला टॉवेल घातल्यासारखी.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. माझ्या मागे बघत होती. माझ्यातून.

त्याला झाकलं मी. आणि तिच्यापाशी बसतो तो.

२ जानेवारी

शॉर्टकट बिघडलेलाच नाही. आज कळलं. मागच्या वर्षीची एक झाकलेली जोडी घेतली, शितोळ्यांचा मुलगा आणि झाशीची मुलगी. दोन्ही ओळी निवडून दाबलं, उघडल्या. परत दाबलं, झाकल्या. झाकलेली ओळ एकेकटी निवडली की उघडत नाही. जोडी असेल तरच उघडतो.

म्हणजे विहंगची ओळ आणि खाली अंतराची, दोन्ही निवडून दाबायचं. दोघंही उघडतील. ती वाचेल. तोही येईल. इस्त्रीच्या शर्टासकट. संक्रांतीनंतर नक्की.

बोट बटणावर ठेवून बसलो होतो. नाही जमलं.

५ जानेवारी

आज दुसरी रेघ.

तिच्या घरी गेलो. दार तिच्या वडिलांनी उघडलं, कृष्णराव, भले गृहस्थ. त्यांनी विचारलं, कोण अंतरा? भिंतीवर खिळा, खिळ्याखाली फोटोएवढा फिकट चौकोन. तिची आई त्या चौकोनाकडे बघत उभी होती, हातात ओला फडका. पुसत होती की काय करत होती—

ऑफिसात मला अजून ती दिसते. पुसट. खिडकीपाशी. हसते.

माझ्याकडे बघून नाही.

७ जानेवारी

दाबायला पाहिजे. दोघांच्या ओळी, एकदा, बस. आईबाप आहेत तिला. मला कळतं सगळं.

पण ती त्याच्यासोबत जिन्यातून खाली उतरेल आणि मी वर—

नाही.

दुसरा रस्ता आहे. फाइलमध्ये माझी ओळ नाही. लिहिता येते. तिच्या ओळीच्या खाली. जोडी.

८ जानेवारी

लिहिली, आधी तिच्यासारख्याच दोन रेघा टाकून. बळवंत. वय बावीस. शिक्षण अपुरं. आवड: अंतरा.

आमच्या दोन ओळी निवडल्या. तिची आणि माझी. एकदा दाबलं, उघडल्या. तिच्या रेघा गेल्या. तिथेच थांबायला हवं होतं. मंदाताई दारातून म्हणाल्या, अगं अंतरा, आज उशीर केलास. ती उभी होती, खरीखुरी, स्वेटर घातलेली. तिने आधी खिडकीकडे बघितलं. विहंग, म्हणाली. विहंग कुठे गेला?

माझ्याकडे वळली सुद्धा नाही. विहंग.

मी परत दाबलं.

९ जानेवारी

मामींनी माझं ताट वाढलं नाही. समोर बसून जेवल्या.

रस्त्यावर कोणी बाजूला होत नाही. अंगातून गार काहीतरी आरपार—

ऑफिसात ती आहे. आता स्पष्ट दिसते. तोही दिसतो. खुर्चीत तो, खुर्चीच्या हातावर ती, दोघांची बोटं पिवळी. मी हाक मारली. पुष्कळ मारल्या. माझे हात बघितले, कोरडे. हळद तिला त्याची लागली होती. माझी नाहीच.

स्क्रीनवर त्याची ओळ आपोआप सरकून तिच्या ओळीला वरून चिकटली आहे. खाली माझी. सुटी.

मी दाबतो. बटण खाली जात नाही. बोटच पोचत—

१२ जानेवारी

विहंगची आई आली. स्वतः. हातात तिळगुळाचा डबा. मंदाताईंना म्हणाली, मला काही आठवत नाही हो, पण माझं कोणीतरी तुमच्या इथे राहिलंय. बसून रडली.

मंदाताई फाइल खालीवर करत राहिल्या. थांबल्या. ह्या दोघांना मी कधी झाकलं? मंदाताई त्या दोन्ही ओळी निवडत आहेत. वरच्या दोन. तिसरी नाही. ताई, तिसरी. तिसरी पण—

उघडल्या.

आई त्याच्या गळ्यात पडली आहे. अंतरा डोळे पुसते आहे, मंदाताईंचा हात धरून. म्हणते, फार धुकं होतं.

मंदाताई विचारतात, ही खालची ओळ कोणाची गं? आपल्याकडे असा कोणी मुलगा नोंदलेला नाही.

अंतरा वाकून वाचते. माझं नाव मोठ्याने वाचते. परत एकदा वाचते. कपाळाला आठी. आठव. अंतरा, तलाव, सायकल, आठव—

नाही हो ताई, म्हणते. मी नाही ओळखत. आणि बघा ना, आवडीत माझंच नाव घातलंय मेल्यानं. कोणी चावटपणा केलाय.

मग काढून टाक, मंदाताई म्हणतात.

ती खुर्ची ओढून बसली. ओळ निवडली. मी तिच्या अगदी जवळ उभा आहे, वही तिच्या खांद्याशी धरून लिहितो आहे, तिच्या केसांना शिकेकाईचा वास आहे, तिने बोट खोडायच्या बटणा