मजल्याचा टाइप

३ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या कोडला त्याने हात लावलाच! ऑपरेशनसाठी तीन महिने रजेवर काय गेले, माझ्या हाताखालच्या त्या चष्मेवाल्याने लिफ्टचा सगळा कोड आपल्या ताब्यात घेतला. आणि आज परतल्यावर साहेब मला म्हणतात, "तुम्ही निवांत हेडर फायली आवरा. सगळे टाइप्स एका जागी आणा." निवांत? हा शब्द मला अजिबात आवडला नाही.

काम मात्र खरंच करण्याजोगं आहे. हेडर म्हणजे बाकीचा सगळा कोड ज्यातून व्याख्या उचलतो त्या फायली. लिफ्ट कितव्या मजल्यावर आहे, तो आकडा किती जागेत मावणार हे सांगणारा टाइप तीन फायलींत तीनदा लिहिलाय — इथे आठ बिट, तिथे सोळा. ही फाइल तिला ओढते, ती हिला. नुसता सावळागोंधळ!

४ फेब्रुवारी

टाइप्स एका हेडरमध्ये, फंक्शन्सची नावं दुसऱ्यात. जे फक्त आत लागतं ते बाहेर दाखवायचंच नाही. कितीतरी दिवसांनी डोकं चाललं माझं! संध्याकाळी टाक्यांची जागा ओढल्यासारखी झाली, पण मजा आली.

चष्मेवाला दोनदा टेबलाशी घुटमळून गेला. "ताई, काही मदत हवी का?" ताई म्हणे! आधी मॅडम म्हणायचा.

६ फेब्रुवारी

मजला सगळीकडे सोळा बिटांचा केला. कोड टेस्टच्या बोर्डावर चढवून पाहिला — मजला आठच बिटांचा! फाइल उघडली — सोळा. परत चालवलं — आठ. वेड लागायची पाळी आली. वळून बघते तर चष्मेवाला माझ्याकडेच बघत होता. लगेच मान खाली.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "असतात अशी माणसं. तू कशाला मनाला लावून घेतेस?" निदान घरात तरी माझ्या बाजूचं कुणी आहे.

७ फेब्रुवारी

त्याला माझी खुर्ची हवीय. दुसरं काय! मी बिनकामाची ठरले की साहेब नारळ देणार. भीती वाटते. घरी नुसती पडून राहिले तर मी खरंच आजारी पडेन.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज सापळा लावला. हेडरच्या मधोमध लिहून टाकलं — मेल्या, काय चाललंय तुझं? असं काही वाचल्यावर कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने बोंब मारायला हवी. पठ्ठ्या गपगुमान पुढे गेला. एकही एरर नाही!

म्हणजे माझी फाइल वाचलीच जात नाहीये. मग शोधत बसले. एकाच नावाच्या दोन फायली असल्या, तर ज्या फोल्डरचं नाव आधी दिलंय तिथली उचलली जाते. आणि सगळ्यांच्या आधी एक नवीनच फोल्डर! आत माझ्याच हेडरची जुनी प्रत. नोंदीत ठेवणाऱ्याचं नाव — चष्मेवाल्याचं. तीही मी परत यायच्या आधी!

११ फेब्रुवारी

सगळ्यांसमोर झापलं त्याला. "लाज नाही वाटत? आठवडाभर मला मूर्ख बनवतोयस?" लालबुंद झाला. म्हणाला, "ताई, मी नाही सांगू शकत. साहेबांना विचारा." विचारते ना! सोडते की काय! साहेब आज बाहेरगावी, उद्या येतील.

१२ फेब्रुवारी

साहेबांनी आधी दार लावलं. "त्याच्यावर चिडू नका, मीच सांगितलं होतं. तुम्ही काहीही बदललंत तरी खऱ्या लिफ्टला धक्का लागू नये, म्हणून. तुमच्या मिस्टरांचा फोन आला होता — तिचं मन रमेल असं काहीतरी द्या, जबाबदारीचं नको, आता तिला झेपायचं नाही."

घरी आले तर हे सफरचंद कापत बसले होते. माझ्यासाठीच. हसून म्हणाले, "काय गं, सापडला का चोर?"

सापडला.