बूम जागचा हलला नाही

आबा, मी पास झालो. जड मशीनच्या दुरुस्तीचा कोर्स, सातपूरला, आठवी झालेल्यांना घेतात तो. तुम्ही गेलात तेव्हा मी आठवीतच होतो. ती संपवली, पण पुढे शाळा झाली नाही, हे तुम्हाला ठाऊक नसणार.

कालव्याच्या कामावर एकदा तुम्ही मला डोझरवर शेजारी बसवलं होतं. मी तुमचा शर्ट घट्ट धरून होतो. खाली उतरल्यावर, सैल तर नाही ना म्हणून मी एकेक नट चाचपू लागलो, तर तुम्ही सगळ्या ऑपरेटरांसमोर म्हणालात, "लय भित्रं हाय माझं पोरगं. याच्या हातनं सायकलचं पंक्चर बी निघायचं नाय." सगळे हसले, मीही हसलो. पण ते वाक्य माझ्याबरोबर कोर्सला आलं. पहिल्या खेपेला प्रॅक्टिकलला हात असे थरथरले, की वेळ संपली आणि पाना हातातच राहिला. या खेपेला नापास झालो असतो तर सटाण्याला मामांच्या खळ्यावर कांदे निवडायला जायचं ठरलं होतं. मामांनी माझी झोपायची जागाही बघून ठेवली होती.

परवाची गोष्ट. बाहेरून आलेले परीक्षक खुर्ची टाकून बसलेत. समोर खोदकामाचं मशीन आहे. त्याचा पुढचा लांब हात, म्हणजे बूम, वर उचलून सोडला की आपोआप खाली येतो. दोष शोधून काढायचा. मी आधी बूम जमिनीवर टेकवतो, इंजिन बंद करतो आणि बंद मशीनचे लिव्हर मागेपुढे हलवतो, नळ्यांतला तेलाचा दाब निघून जावा म्हणून. मग पुन्हा हलवतो. मागून एक जण ओरडतो, "अरे, पाळणा हलवतोय का? बारसं कधी?"

"दोनदा कशाला रे?" परीक्षक विचारतात.

"भीती वाटते, सर."

"कशाची?"

"दाब राहिला तर तेल उडेल. कातडीतून आत शिरतं ते."

ते मागे वळतात. "ऐकलंत का, बारशाची मंडळी? घाबरा जरा तुम्हीपण!"

आणि माझे हात थरथरायचे थांबले, आबा. सिलिंडर उघडला, तर आतलं सील, म्हणजे तेल अडवणारं कडं, कोणीतरी उलटं बसवलेलं. तेल तिथूनच निसटत होतं. नवं सील कोमट तेलात मऊ केलं, सरळ बसवलं, सगळं जोडून इंजिन सुरू केलं. बूम वर नेला आणि लिव्हर सोडला. परीक्षकांनी चहा मागवला, सावकाश संपवला. बूम जागचा हलला नाही. पहिली शिट्टी त्या बारसंवाल्यानेच मारली. मी तसाच काळ्या हातांनी फोनच्या बूथवर गेलो, सटाण्याला फोन लावला आणि म्हणालो, "मामा, कांद्यांना दुसरा माणूस बघा."

हे पत्र शुद्धलेखन तपासून पुन्हा उतरवलंय. कुठे टाकायचं नाही, हे मलाही कळतं. फक्त एक सांगतो. तुम्ही जन्मभर मशीन चालवलंत, पण उघडलं कधीच नाही. बूम वर थांबला होता तेव्हा वाटलं, तुम्हाला माझा थोडा हेवा वाटला असता. आणि ते मला फार आवडलं.