लांबलेल्या साखळीची कबुली

मी, व्यंकटी दगडोबा सोनकांबळे, वय ५३, धंदा जमीनमोजणी व परवाना-परीक्षेचा क्लास, राहणार औसा, जिल्हा लातूर (चार वर्षांपूर्वी उस्मानाबाद, जिल्हा बदलला, घर जागचं हललं नाही), शुद्धीत राहून, कोणाच्या धाकाविना हे मृत्युपत्र लिहितो. धाक असलाच तर डॉक्टरांचा.

१. घर व बचत पत्नी विठाबाई हिला. गावोगावच्या हद्दी मी लावल्या, घरातल्या तिनं. त्या कायम.

२. माझं ‘हमखास उत्तरे’ हे गाईड: उरलेल्या प्रती चुलीत घालाव्यात. नवा जिल्हा झाला, मोजणीदार हवे झाले, मी नव्वद पोरं पास केली. शिवारात एकालाही नेलं नाही. मोजणीची साखळी वापरून लांबते, म्हणून मोजणीआधी ती प्रमाण मापाशी ताडून घ्यावी, हे फळ्यावर लिहून दिलं. दोन मार्कांचा प्रश्न होता.

३. गाईडला प्रस्तावना देणारे माझे निवृत्त साहेब: त्यांना काही नाही. प्रस्तावना त्यांनी गाईड न वाचता लिहिली. हेही न वाचता मंजूर करतील.

४. पहिल्या नंबरानं पास झालेल्या रामकिशनला मी माझी जुनी साखळी भेट दिली होती. ती चार बोटं लांबलेली. मीही कधी ताडली नव्हती. तिनंच त्यानं मुरुडला सरजाबाई आणि त्यांचा शेजारी यांच्यामधला बांध, शेजाऱ्याच्या टोकाकडून, मोजला. वीस साखळ्यांत पाच फुटांचा फरक पडला, शेजाऱ्याची हद्द पुढं सरकली आणि सरजाबाईंची विहीर त्याच्याकडं गेली. या दुष्काळात त्या शिवारात पाणी असलेली तेवढीच एक.

रामकिशनला विचारलं, “साखळी ताडली होतीस का रे?”

“सर, कव्हा ताडायची ते पाठ हाय. कशी ताडायची, ते तुम्ही कव्हा दावलं?”



५. क्लासची जागा आणि मोजणीचं सगळं सामान रामकिशनलाच. अट एकच: पोरं आधी सहा महिने उन्हात फिरवावीत. ज्याला साखळी ताडता येत नाही, त्याचा परीक्षेचा फॉर्म भरू नये.

६. वरील चूक माझी आहे, रामकिशनची नव्हे. सरजाबाईंच्या फेरमोजणीच्या अर्जाला हा कागद जोडावा.

ठिकाण: मुरुड, सरजाबाईंचं अंगण
दिनांक: ११ मे १९८६
सही: व्यं. द. सोनकांबळे

साक्षीदार १: माणिकप्पा सिद्धेश्वर हलकुडे, औसा (सही)

साक्षीदार २: सरजाबाई, मुरुड. अंगठा द्यायला नकार, त्यामुळे कागद अजून अपुरा. वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही मेल्यावर कागुद बोलंल. हिरीचं पाणी मला आज पायजे. उठा, बांधावर चला.”