गेनबा पाथरवटाचा गडू

मु. वाई, मार्गशीर्ष शुद्ध २, शके १७१२

चि. दिगंबर यास सगुणेचे अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझे खरे काय ते कळवावे, नेहमीसारखे ‘ठीक’ एवढेच लिहून कागद वाया घालवू नये.

पत्र घेऊन येणारा गेनबा पाथरवट. आमच्या घाटाच्या पायऱ्या यानेच बसवल्या. वय चाळिशीच्या आसपास, हाताचा नेक, बोलायला मात्र महाग. त्याने पुणे कधी पाहिलेले नाही. आठ दिवस तुझ्या ओसरीवर राहील. शिधा बरोबर आहे, स्वतः रांधून खाईल. तू त्याला शहर दाखव आणि तो म्हणेल तिथे जाऊ दे.

त्याची आई तुळजाबाई दसऱ्यापासून अंथरुणाला खिळली आहे. ही फेरी तिच्यासाठीच आहे आणि तिच्या जिवाचे समाधान या फेरीवर अवलंबून आहे. याहून जास्त लिहू नये म्हणून गेनबाने मला शपथ घातली आहे. एकदा वाईत बोलला तेव्हा लोक हसले, आणि हसण्यात पुणेकर वाईकरांचे गुरू, असे त्याला कोणी सांगून ठेवले आहे. तेव्हा उलटतपासणी घेऊ नकोस. तुझा स्वभाव मी जाणते. आईने लाडू वळले की डब्याचे झाकण कोणी हलवले का, हे बघायला तू पहाटे उठत होतास.

गोदूबाईस आशीर्वाद सांग. लोभ आहेच. तो उत्तर न पाठवल्याने वाढत नाही, एवढे ध्यानात असावे.

तुझी
सगुणाअक्का


मु. पुणे, सदाशिव पेठ, मार्गशीर्ष शुद्ध १०

तीर्थरूप सौ. अक्कास दिगंबराचे कृ. सा. न. वि. वि.

तुझे पत्र पावले आणि तुझा पाहुणाही पावला. लाडवांचा उल्लेख अनावश्यक होता. झाकण हललेले होते, हे मी आजही सांगतो.

परगावचा माणूस मुक्कामास आला की पेठेच्या चावडीवर त्याचे नाव, गाव आणि येण्याचे कारण लिहून द्यावे लागते आणि खाली घरधन्याने जामीन राहावे लागते. कारण काय लिहावे म्हणून गेनबास विचारले, तर म्हणाला की पुणं बघायचं हाय, असं लिवा. तसे लिहिले. चावडीवरचे दत्तोबा लिहिता लिहिता थांबले आणि म्हणाले की पंत, हल्ली पुणे बघायला येणारे फार वाढले आहेत, त्यांतले काही तर फारच बारकाईने बघतात. याचा अर्थ मला कळतो. सही माझी आहे. उद्या काही निघाले तर गेनबा डोंगर चढून पसार होईल आणि पागोटे माझे उतरेल. दप्तरातली वीस वर्षांची चाकरी एका पाथरवटापायी जायची.

पुण्यास प्रथम येणाऱ्याने काय पाहावे, हे मी आजवर इतक्या पाहुण्यांना दाखवले आहे की झोपेतही दाखवू शकेन. गेनबास कसब्याचा गणपती आणि जोगेश्वरी करून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे उभा केला. तिथे आलेला माणूस मान वर करून नगारखाना पाहतो आणि मग हत्तींसाठी दाराला ठोकलेले खिळे मोजतो. हा खाली बसला. रस्त्याच्या कडेच्या दगडाला कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. पहारेकरी माझ्याकडे पाहू लागला. मी देवळाकडे पाहू लागलो.

पर्वतीवर नेला. वर पोचल्यावर सगळे जण उत्तरेकडे तोंड करून शहर बघतात, कळस ओळखतात, आपले घर शोधतात. याने शहराकडे पाठ केली आणि कपाळावर हात धरून दक्षिणेस कात्रजच्या डोंगराकडे घटकाभर पाहत राहिला. तिकडे बघण्यासारखे काय आहे, असे मी विचारले. त्याने मलाच विचारले की नळ कोणत्या अंगाने येतो. नळ म्हणजे कात्रजच्या तलावातून जमिनीखालून शहरात पाणी आणणारा दगडी बोगदा. मी म्हणालो, मला ठाऊक नाही. खरोखरच ठाऊक नाही. पाणी हौदात येते एवढे आम्हांस पुरते.

परतताना तळ्यातल्या गणपतीला नावेतून नेला, तर नाववाल्यास विचारतो की हे पाणी कुठले. तुळशीबागेत रामापुढे हात जोडले, आणि बाहेर येताच देवाच्या स्नानाचे पाणी कुठले! आता तर मी सुचवलेले काहीच पाहत नाही. सकाळी उठून हौद पाहतो. बुधवारातला झाला, शुक्रवारातला झाला. काठावर पालथा पडून, पाणी जिथून आत येते त्या मोरीत खांद्यापर्यंत हात घालतो. बायका ओरडल्या. मग ओंजळीने तीनदा चव घेतो आणि पुढच्या हौदाकडे जातो. बोगद्यात उभ्याने माणूस चालेल का, मधली झाकणे कोण उघडतो, असले प्रश्न विचारतो. अक्का, आमच्या वाड्यातल्या विहिरीचे पाणी इतके मचूळ आहे की त्यात डाळदेखील शिजत नाही. अर्धे शहर त्या हौदांवर जगते. त्या पाण्यात कोणी काही कालवले तर काय होईल, याचा विचार तू करून पाहा.

आजारी आई ही गोष्ट मला पटत नाही. ज्याला खरे कारण सांगायचे नसते, त्याची आई नेहमी आजारी असते. आमच्या घरची ही मात्र त्याला रोज ताक देते आणि मलाच म्हणते की बिचाऱ्याला टोचून बोलू नका. शपथ मोडून खरे काय ते लिही. लोभ करावा, आणि पुढच्या वेळी पाहुणा पाठवताना थोडा कमी करावा.

आज्ञाधारक
दिगंबर


मु. पुणे, मार्गशीर्ष शुद्ध १३

ती. सौ. अक्कास दिगंबराचे सा. न. वि. वि.

तुझे उत्तर येण्यापूर्वीच हे लिहितो, कारण संकट टळले आहे आणि ते कोणी टाळले हे तुला कळावे.

काल गेनबा बाहेरून आला तो तांब्याचा गडू घेऊन. गडूच्या तोंडाला फडके बांधून त्यावर लाख ओतलेली. काय आहे म्हणून विचारले, तर म्हणाला की पाणी. कोणी सांगावे, अक्का? ज्याच्या गावाला कृष्णामाई आहे, तो पुण्याहून पाणी लाखबंद करून नेतो! रात्री गडू उशाशी घेऊन निजला. आज जेवण झाल्यावर, उद्या उजाडता निघतो म्हणून तो देवदर्शनास गेला आणि जाण्यापूर्वी शेवटचे एकदा बुधवारातल्या हौदावर जाईन म्हणाला. तेव्हा गडूत विष आहे आणि उद्या जाता जाता ते हौदात पडणार, हे मला लख्ख दिसले. चावडीवर सांगावे तर जामीन मीच.

माझा जन्म दप्तरात लखोटे उघडण्यात आणि बंद करण्यात गेला आहे. सुरी तापवली, लाख अलगद उचलली, गडू परसात शेवग्याच्या बुंध्याशी रिकामा केला, विहिरीच्या पाण्याने गळ्यापर्यंत भरला आणि तीच लाख वितळवून तोंड पूर्ववत केले. त्याच्या बापालाही ओळखता आले नसते. शेवगा अजून वठलेला नाही. पण काही विषे सावकाश काम करतात.

संध्याकाळी तो परत आला, गडू हातात घेऊन जड आहे ना ते पाहिले आणि हसला. आठ दिवसांत प्रथमच हसला. निरोप घेताना माझ्या पाया पडून म्हणाला की तुमच्यामुळं काम झालं. मला मनातून किंचित वाईट वाटले, पण शहराचे हित आधी.

हे पत्र शिरवळपर्यंत जाणाऱ्या बैलगाडीवाल्याबरोबर देतो, पुढे कसे पोचेल ते पोचेल. लोभ असावा. यापुढे झाकण हलले म्हणालो की विश्वासही असावा.

तुझा
दिगंबर


मु. वाई, मार्गशीर्ष वद्य २

चि. दिगंबरास अ. उ. आ.

तुझे दशमीचे पत्र पोचले. वाचून हसले आणि रागावलेही. गेनबा परवा सुखरूप आला. त्याने आता शपथेतून मोकळे केले आहे, म्हणून लिहिते.

त्याचा बापही पाथरवट. थोरल्या श्रीमंतांच्या वेळी कात्रजचा नळ बांधत होते तेव्हा तो कामाला पुण्याकडे गेला, तो आलाच नाही. बोगद्यात दगड बसवताना वरून शिळा निसटली. गेनबा तेव्हा पाळण्यात होता आणि तुळजाबाई एकोणीस वर्षांची. बरोबरच्या माणसांनी हातोडा आणून दिला आणि सांगितले की पुण्याच्या लोकांना फार गोड पाणी मिळणार आहे. तेवढ्या एका वाक्यावर तिने अडतीस वर्षे काढली, दिगंबर. आता दिवस मोजायची वेळ आली, तर तिने लेकाजवळ एकच मागितले, की ज्या पाण्यासाठी ते गेले, ते एकदा चाखव. कात्रजच्या तलावातले नको, त्यांच्या हाताच्या दगडांवरून शहरात पोचलेले हवे. लोक हसले ते याला.

म्हणून तो दगडांना कान लावत होता. कोणत्या हौदात बापाच्या वेळचा नळ येतो, हे त्याला हाताने चाचपून आणि चवीने ठरवायचे होते. एवढ्यासाठी तू त्याला वैरी ठरवलेस.

पण एक नवल झाले, त्याने माझे मन थाऱ्यावर नाही. काल मी तिथे होते. गेनबाने लाख फोडली, म्हातारीला टेकवून बसवली आणि वाटीत पाणी दिले. तिने घोट घेतला. मग दुसरा घेतला. वाटी खाली ठेवली आणि विचारले की एवढ्या मचूळ पाण्यासाठी गेले का ते. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडली आहे, अन्न घेत नाही. गेनबा शपथेवर सांगतो की हौदावर पाणी गोड होते. आपल्याच हातून काही चुकले, गडू नीट घासला नसेल, असे म्हणून कपाळ बडवून घेतो. त्याने हातोडा उचललेला नाही.

तू शहाणा आहेस, दप्तरात बसतोस, म्हणून तुला विचारते. लाखबंद गडूत चांगले पाणी चार दिवसांत मचूळ होते का? होत असेल तर तसे लिही. मी त्या दोघांना वाचून दाखवीन. तेवढाच आधार होईल.

तुझी
अक्का


मु. पुणे, मार्गशीर्ष वद्य ५

ती. सौ. अक्कास दिगंबराचे शि. सा. न.

होत नाही.

माझे तेरसेचे पत्र तुला पोचले नसेल, कारण पोचले असते तर तू मला हा प्रश्न विचारला नसतास. त्यात उत्तर आहे. गडू मी रिकामा केला आणि आमच्या विहिरीचे पाणी मी भरले. गेनबाचा काही दोष नाही, हे त्याला आजच्या आज सांग. म्हातारीस मात्र काही सांगू नकोस. ते मी सांगेन.

तुझे पत्र वाचून मी हिला दाखवले. हिने वाचून परत दिले. उठली आणि मला प्यायला विहिरीचे पाणी आणून दिले. मी ते प्यायलो.

आज दुपारी बुधवारातल्या हौदावर गेलो. वीस वर्षे ते पाणी पितो आहे, पण काठावर पालथा कधी पडलो नव्हतो. पडलो, मोरीत हात घातला. आत दगडाला दगड इतका नेमका भिडला आहे की सांध्यात नख जात नाही. बायका मलाही ओरडल्या. गडू भरून घेतला आहे. लाख लावली नाही, लाखेवरचा माझा विश्वास उडाला आहे. आठ दिवसांची रजा मागितली आणि कारण ‘पाणी पोचवणे’ असे लिहिले. दप्तरातले लोक हसले. उद्या उजाडता पायी निघतो, कारण गाडीत हिंदकळेल.

तिने तोवर थांबावे, एवढे देवाजवळ माग. लोभ ठेवशील की नाही, हे आल्यावर विचारीन.

दिगंबर


मु. वाई, मार्गशीर्ष वद्य ९

चि. सौ. गोदूबाईस सगुणेचे अ. उ. आ.

तुझा नवरा काल तिसऱ्या प्रहरी पोचला. पायांना फोड आले आहेत, तेल लावून निजवला आहे. वाटेत कात्रजला थांबून नळाचे तोंड बघून आला. तिथे कोणी बघायला येत नाही, असे मलाच रागावून सांगत होता, जणू तो दर महिन्याला जात असे.

इथे आल्यावर पाणीसुद्धा न पिता थेट पाथरवटांच्या आळीत गेला. मी मागोमाग गेले. अंगणात उभा राहून त्याने सगळे सांगितले, विष, शेवगा, विहीर, काही वगळले नाही. गेनबाने मान वर केली नाही. ओसरीवर अंथरुणात टेकून बसलेल्या म्हातारीने शेवटपर्यंत ऐकले. मग तिने गडू आपल्या हाती घेतला आणि ह्याला म्हणाली की तुम्हाला इख वाटलं व्हतं न्हवं, मंग आधी तुमीच प्या.

अगं, तिच्या हातचे पाणी, आणि हा असा सोवळ्याचा! पण त्याने खाली बसून ओंजळ पुढे केली. ती वरून धार धरत गेली आणि हा पीत गेला, डोळ्यांतूनही तेवढेच वाहत होते. दोन दिवस पाणी उचलून आणणाऱ्याने वाटेत त्यातला थेंब घेतला नव्हता, हे तिला ओठ बघूनच कळले असावे. तीन ओंजळी झाल्यावर तिने विचारले की कसं हाय. हा म्हणाला, गोड आहे. तेव्हा ती प्यायली.

आमच्या आळीत आज कुजबुज चालली आहे. मला कोणी विचारले तर मी काही पाहिलेले नाही. तुळजाबाईने सकाळी पेज मागून घेतली, आणि आत्ता हे लिहिताना नदीकडून गेनबाच्या हातोड्याचा आवाज येतो आहे.

दोन दिवसांनी याला परत पाठवते. तोवर तुझा लोभ आम्हा दोघांवर असू दे, त्याच्यावर जरा जास्त.

तुझी
सगुणावन्सं