पिठीसाखर आणि लाल टॅग

१ मे, गुरुवार. सकाळी ८.

आजपासून रोजनिशी. कंपनीत शिफ्टचं लॉगबुक बारा वर्षं एकही दिवस न चुकवता लिहितोय, मग घरचं का नाही?

अंजली आणि उत्पला सोमवारी देहूरोडला गेल्या, अंजलीच्या आईकडे. उत्पलाची तिसरीची परीक्षा संपली, सुट्टी लागली, म्हणून. दुसरं काही कारण नाही. हे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण बिल्डिंगमधले लोक तोंडाने विचारत नाहीत, नजरेने विचारतात. शाळा १६ जूनला उघडते. म्हणजे जास्तीत जास्त १५ जूनला दोघी रहाटणीत हजर.

उद्यापासून: सहाला उठणे. स्वयंपाक स्वतः करणे. मेसचा डबा लावणार नाही.

४ मे, रविवार.

मेसचा डबा लावला. तात्पुरता.

८ मे, गुरुवार. साप्ताहिक सुट्टी.

मोठी कल्पना सुचली. लग्नानंतर आम्ही लोणावळ्याला गेलो होतो, तिथल्या हॉटेलात एक सँडविच खाल्लं होतं. आत चिकन, चीज, जॅम. सगळं अंड्यात बुडवून तळलेलं आणि वरून पिठीसाखर. नाव इंग्रजी होतं, तोंडात बसलं नाही. मी वेटरला बोलावून सांगितलं की चिकनवर साखर पडली आहे, बदलून आणा. अंजलीने मात्र माझंही खाल्लं. म्हणाली, गोड की तिखट तेच कळत नाही, म्हणून तर मजा. घरी करून बघू का, असंही विचारलं होतं. मी म्हणालो, असली थेरं घरात नकोत. अकरा वर्षं झाली.

तर ती येईल त्या दिवशी हेच सँडविच तयार ठेवायचं. सरप्राइज. आजच ट्रायल घेणार होतो, पण जेवण झालं आणि डोळा लागला.

११ मे, रविवार.

ट्रायल १. सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी घेतली. ब्रेड अंड्यात ठेवला आणि उचलायला गेलो तर त्याची खीर झाली. चिकनच्या चकत्या कढईत एकट्या तरंगत होत्या.

आमच्या कंपनीत दाराच्या बिजागऱ्या बनतात. मी क्वालिटीत आहे. पार्ट खराब निघाला की आम्ही त्याला लाल टॅग लावतो आणि त्यावर कारण लिहितो. 'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारायचा, मग मूळ कारण सापडतं. मी दोनदा विचारला तेवढ्यात सापडलं. ब्रेडवाला. टॅग भरून फ्रिजवर लावला: 'सप्लायरची चूक.'

१५ मे, गुरुवार.

ट्रायल २. या वेळी ब्रेड शिळा घेतला, म्हणून टिकला. रंगही आला. वरून पिठीसाखर भुरभुरली, पहिला घास घेतला आणि तोंडात नुसता चिखल. डब्यात तांदळाचं पीठ होतं.

डब्यावर 'पिठीसाखर' असं लेबल मीच दिवाळीत लावलं होतं. सगळ्या डब्यांना लावली होती, एका मापाची, छापील. म्हणजे लेबल बरोबर आहे, डबा चुकला. अंजली माझी लेबलं कधी वाचत नसे, झाकण उघडून वास घ्यायची. ही काही पद्धत नाही, असं मी तिला अनेकदा सांगितलंय.

टॅग: 'साठवणुकीची चूक.'

संध्याकाळी उत्पलाचा फोन. तिकडे मजा आहे म्हणाली. आई जेवताना गाणी म्हणते, असंही म्हणाली. मी सांगितलं, घास तोंडात असताना गाऊ नये, ठसका लागतो. आमच्या घरी ती कधी जेवताना गायली नाही. शिस्त होती.

१९ मे, सोमवार.

जिन्यात छबूबाई भेटल्या. आमच्या घरमालकांच्या आई. बिल्डिंग उभी आहे ती त्यांच्या ज्वारीच्या रानात, त्यामुळे इथल्या प्रत्येक मजल्यावर आपला हक्क आहे असं त्यांना वाटतं. म्हणाल्या, बायकू न्हाई घरात, आन् रोज त्येल कशापायी जाळतुयास? मी म्हणालो, ती सुट्टीला गेली आहे. त्यावर म्हातारी म्हणते कशी, सुट्टीला गेलेली बाई मिसळणाचा डबा संगं नेत न्हाई लेका. मी बगितलाय तिच्या हातात.

वर येऊन बघितलं. डबा खरंच नाही.

माहेरी मसाले चांगले नसतील. सासूबाई तानुबाईंचा हात मसाल्याच्या बाबतीत पहिल्यापासून आखडताच आहे.

२२ मे, गुरुवार.

ट्रायल ३. बाहेरून काळं, आतून चीज थंडगार. टॅग: 'गॅस शेगडीची चूक.'

फ्रिजवर आता तीन टॅग. बरे दिसतात. काम चालू आहे असं वाटतं.

दोरीवर फक्त माझेच शर्ट असतात. घर एवढं मोठं आहे हे माहीत नव्हतं. टीव्ही लावून ठेवतो.

२५ मे, रविवार.

हे एकदा लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल. छबूबाई आज पुन्हा भेटल्या आणि जयंतीच्या लाल चिठ्ठीचं बोलल्या. म्हणजे बातमी तळमजल्यापर्यंत पोहोचली आहे.

जयंतीला, १४ एप्रिलला, अंजलीच्या माहेरची बारा माणसं जेवायला होती. अंजली पहाटे चारपासून राबत होती. मटण, भात, पातेलंभर खीर. खीर जरा जास्त गोड झाली होती. माझ्या खिशात कंपनीचा लाल टॅग होता. मी त्यावर 'रिजेक्ट. गोडी जास्त.' असं लिहिलं आणि पंगतीसमोर पातेल्याला अडकवला. गंमत म्हणून. सगळे हसले. तानुबाई नाही हसल्या, पण त्या तशा कशालाच हसत नाहीत. अंजलीने टॅग काढला, घडी घालून कमरेला खोचला आणि वाढत राहिली.

एवढंच. आणि ती गेली २८ तारखेला, म्हणजे चौदा दिवसांनी. राग आला असता तर त्याच दिवशी गेली असती. त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध जोडता येत नाही.

२९ मे, गुरुवार.

अंजलीला फोन केला. कशी आहेस विचारलं. बरी आहे म्हणाली. डब्याचं विचारणार होतो, विचारलं नाही. कधी येताय विचारणार होतो, तेही राहिलं. मग शेगडीच्या बर्नरबद्दल बोललो. तिने नीट सांगितलं, सुईने भोकं मोकळी करा. एकूण संवाद चांगला झाला. दोन मिनिटं अकरा सेकंद.

२ जून, सोमवार.

ट्रायल ४ डब्यातून कंपनीत नेली. तळवड्याच्या सिग्नलला बस पाऊण तास अडकली, सँडविच घामेजलं. तरी ओंकारला दिलं. ओंकार माझ्या लाइनवर आहे, सरळ माणूस. खाल्लं आणि म्हणाला, ठीक आहे भावा. मग हळूच विचारलं, वहिनी कधी येणार? आणि आपल्या डब्यातली भाकरी माझ्यापुढे सरकवली. मी म्हणालो, माझा उपास आहे. समोर चिकन होतं, हे लक्षात राहिलं नाही.

त्याचं 'ठीक आहे' दिवसभर डोक्यात. ठीक म्हणजे काय? पहाटे पाचला उठून केलं होतं. पदार्थ करणाऱ्याला एक शब्द बरा बोलायला काय जातं लोकांचं? परत येताना बसमध्ये त्याच्या शेजारी बसलो नाही.

टॅग: 'वाहतुकीची चूक.'

८ जून, रविवार.

जमलं! ट्रायल ५. बर्नर सुईने साफ केला, मंद आचेवर ठेवलं, बाहेर सोनेरी, आत चीज वितळलेलं. पिठीसाखर चव बघून मग टाकली. कढईतून काढलं आणि ओट्यापाशीच उभ्याने गरम खाल्लं.

खाताना एक विचित्र गोष्ट आठवली. अंजली गरम कधीच खायची नाही. माझं ताट वाढायची आणि मी पहिला घास घेईपर्यंत ओट्यापाशी उभी राहायची. मला वाटायचं, वाढायला उभी आहे. मी घास घ्यायचो, मग सांगायचो: मीठ कमी, पोळी जाड, आज बरंय पण कालच्याइतकं नाही. रोज. सुधारणा व्हावी म्हणून. मग ती बसायची. तोपर्यंत तिचं गार झालेलं असायचं.

दुसरं सँडविच खाल्लं नाही. भूक नव्हती.

११ जून, बुधवार.

अंजलीचा फोन आला! तिने स्वतः केला. शनिवारी येते म्हणाली, पाचच्या सुमाराला घरी असाल ना, एक सही लागेल. सही कसली ते विचारलं नाही, बचत गटाचं काहीतरी असणार. मुद्दा हा की येते म्हणाली. आणि मी लिहिलंच होतं, जास्तीत जास्त १५ जून. एक दिवस आधीच.

उद्या सुट्टी. घर धुणार. डब्यांची लेबलं काढणार.

छबूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, येऊ दे बाबा, पर तोंड आवर जरा.

१४ जून, शनिवार.

फर्स्ट शिफ्ट करून साडेचारला घरी. सँडविचं चार केली. ती पाचला आली. उत्पला नव्हती बरोबर. हातात बॅग नव्हती, पर्स आणि एक प्लास्टिकची फाइल. मला वाटलं, बॅगा आणि उत्पला मागून रिक्षाने येत असतील. गॅलरीत जाऊन दोनदा बघितलं.

तिला बसवलं, सँडविच समोर ठेवलं. तिने ओळखलं. लोणावळा, एवढंच म्हणाली. आणि खायला लागली. मी ओट्यापाशी उभा राहिलो. पाय दुखत होते, पण बसवेना. ती चावत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. कंपनीत ऑडिटर येतात तेव्हासुद्धा एवढी धडधड होत नाही. शेवटी मीच विचारलं, कसं झालंय? छान झालंय, म्हणाली. मी विचारलं, नक्की? म्हणाली, छान म्हणजे छान, आता बसा आणि खा, गार होईल.

मग तिची नजर फ्रिजवर गेली. टॅग काढायचे राहिले होते. उठून जवळ गेली, एकेक वाचला. ब्रेडवाला, डबा, शेगडी, बस. म्हणाली, एवढे सगळे दोषी. तुम्ही सोडून.

चिडून म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती थकून म्हणाली.

फाइलमध्ये शाळेचा फॉर्म होता. उत्पलाच्या दाखल्यासाठी, शाळा सोडल्याच्या. देहूरोडच्या शाळेत बोलणं झालंय. प्रवेश माझ्या नावावर होता, म्हणून इथे सही माझी लागते. अंजलीला एका पाळणाघरात स्वयंपाकाचं काम मिळालंय, सोमवारपासून. साठ मुलं आहेत. दोन दिवस करून बघितलं, पोरांनी पातेली पुसून खाल्ली म्हणाली. हे सांगताना ती हसली. किती दिवसांनी बघितलं तिला हसताना.

फॉर्म सगळा भरला होता. एकच रकाना कोरा होता: शाळा सोडण्याचे कारण. मी विचारलं, इथे काय लिहू? म्हणाली, ते तुम्ही भरा, तुम्हाला कारणं लिहायची सवय आहे.

उरलेली दोन सँडविचं डब्यात घालून दिली, उत्पलासाठी. डबा परत द्यायला येईल, असं वाटतं.

१५ जून, रविवार. रजा टाकली आहे.

उत्पलाचा फोन. पप्पा, सँडविच भारी होतं, पण साखर खूप जास्त होती. मग आवाज बारीक करून म्हणाली, आई म्हणाली हे पप्पांना सांगू नकोस, त्यांनी मेहनतीने केलंय.

फोन ठेवला. घड्याळ बघितलं तेव्हा दुपार झाली होती.

फॉर्म समोर घेतला. का? उत्पलाची आई तिकडे राहते म्हणून. ती तिकडे का राहते? इथे तिला राहवलं नाही म्हणून. का राहवलं नाही? पाच वेळा विचारलं. पहिल्यांदाच पाचव्यापर्यंत गेलो. संध्याकाळी रकान्यात लिहिलं: 'वडिलांची चूक.' अक्षर चांगलं आलं. उद्या शाळेत देईन, मग त्याचा फोटो अंजलीला पाठवीन. बघून ती काहीतरी म्हणेल.

१६ जून, सोमवार.

शाळा उघडली. पटांगणात सगळी पोरं. ऑफिसातल्या क्लार्कने फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं आणि परत दिला. म्हणाला, साहेब, असलं कारण चालत नाही, कॉम्प्युटर घेतच नाही. 'स्थलांतर' टाका, सगळे तेच टाकतात. नवा फॉर्म दिला.

'स्थलांतर' लिहिलं. एका मिनिटात शिक्का बसला.