तापलेलं दूध

नवी पेठ, सोलापूर
१२ जानेवारी १९३५

प्रिय आई,

तुझा नातू धुळा बरा आहे, हे आधी सांगते. कारण पुढचं सगळं रागानं लिहिते आहे.

बाळंतपणाला तू आलीस, तीन महिने माझं सगळं केलंस, ते मी विसरले नाही. पण मी शाळेत परत रुजू झाले, मुलींचा कवायतीचा तास घेऊ लागले आणि तुझा चेहराच बदलला. घामेजून घरी यायचे, पोराला घ्यायला हात पुढं करायचे, तर तू त्याला घेऊन मागच्या दारी जायचीस. "उड्या मारून दूध तापलंय तुझं. पोराला बाधंल, देऊ नगं." अठरा दिवस मी मोरीत बसून दूध पिळून टाकलं, आई! पलीकडे तो भुकेनं रडायचा आणि तू त्याला पाणी घातलेलं बकरीचं दूध बोंडल्यानं पाजायचीस. हगवण लागली, डोळे खोल गेले, तरी म्हणालीस, "आदीचं तुजंच दूध बाधलंय."

शेवटी मी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई माझ्यावरच ओरडल्या, "श्रमानं दूध नासतं असं कुणी सांगितलं? घाम पूस, घोटभर पाणी पी आणि पाज." तिथंच बाकावर बसून पाजलं. आठवड्यात पोर सावरलं. तू मात्र दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी गाठोडं बांधून गावी निघून गेलीस.

तू स्वतः मेंढरांमागं पाच-पाच कोस चालून आम्हाला पाजलंस. मग माझ्याच दुधात विष कुठून आलं, हे खडसावून विचारणार होते. पण परवा गावाहून आपला येडूदादा बाजाराला आला आणि त्यानं म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. आमच्याआधी तुला सिद्धनाथ झाला होता, तीन महिन्यांचा गेला. तेव्हा बजाआत्या चार बायकांत म्हणाली, "चालून तापल्यालं दूध पाजलंस, तूच खाल्लंस पोराला." म्हणून तू आम्हाला पाजण्याआधी दर वेळी पहिलं दूध मातीत पिळायचीस. तीस वर्षं हे पोटात ठेवलंस आणि मला कधी सांगितलं नाहीस!

मी पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, ते मूल कशानं गेलं हे आज सांगता येणार नाही, पण आईच्या चालण्यानं खास नाही. एवढ्यासाठी हे पत्र. येडूदादाला सांगितलंय, आधी आत्याला बोलावून समोर बसव, मग मोठ्यानं वाच. आई, तू सिद्धनाथला मारलं नाहीस. आत्या, ऐकलंस का? माझ्या आईनं त्याला मारलं नव्हतं.

रागावलेली, पण तुझीच,
ताना